तीस किड्यांची पेटी

खुशालराव इंगोले यांनी सोमवारी सकाळी साडेदहा वाजता किडे पकडण्याचं काम रीतसर आपल्या ताब्यात घेतलं. साडेदहाच का, तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात चौतीस वर्षं त्यांनी कुठलंच काम त्याआधी सुरू केलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर माणसानं वाईट सवयी लावून घेऊ नयेत असं त्यांचं मत होतं.

काम तसं त्यांचं नव्हतंच, मुलीचं होतं. दामिनी अकोल्यातल्या एका कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकत होती आणि दहा दिवसांपूर्वी कावीळ घेऊन अमरावतीला घरी आली होती. डोळे पिवळे, ताटात बिनतेलाची खिचडी आणि अंथरुणावरून उठायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. तेवढ्यात कॉलेजच्या ग्रुपवर सूचना येऊन पडली. येत्या सोमवारी दुपारी चारपर्यंत कीटकसंग्रहाची पेटी जमा करायची. तीस कीटक, वाळवून, टाचून, लेबल लावून. शिवाय प्रत्येकाला एकेक कुळ खास वाटून दिलेलं, त्याचा निदान एक नमुना पेटीत हवाच. दामिनीच्या वाट्याला कँथॅरिडी नावाचं कुळ आलं होतं, म्हणजे सैनिक भुंगेरे. पेटीला दहा गुण, त्याच दिवशी होणाऱ्या तोंडी परीक्षेला दहा, दोन्ही मिळून आठ पडले तर पास. पेटी नसेल तर तोंडी परीक्षेलाही बसता येणार नव्हतं.

"राहू द्या बाबा," दामिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "माह्यं वर्ष गेलं समजा. पुढच्या साली ज्युनिअर पोरींसंग बसीन."

ती रडू लागली. मुलगी रडली की खुशालरावांना काही सुचत नसे, आणि काही सुचत नसलं की ते जबाबदारी घेत.

"वर्ष कसं जाईन? मी मेलो काय?" ते म्हणाले. "किड्याईचं वर्गीकरण म्हंजे शेवटी वर्गीकरणच न? तू पडून राय. ते माह्यावर सोड."

वर्गीकरणाच्या बाबतीत खुशालराव कुणाचं ऐकून घेत नसत. कचेरीतले कागद चार वर्गांत वाटले जातात. अ म्हणजे कायमचे जपायचे, ब म्हणजे बरीच वर्षं, क म्हणजे थोडी, आणि ड म्हणजे वर्षभरात नष्ट करायचे. कुठल्याही कागदाकडे नुसतं पाहून तो किती वर्षं जगणार हे खुशालराव सांगत. माणसांच्या बाबतीत हे अजून डॉक्टरांनाही जमलेलं नाही, हे ते अधूनमधून लक्षात आणून देत.

"घरात सोताचे मोजे सापडत नाई याईले," सुभद्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अन् किडे सापडतीन म्हणे."

कॉलेजनं एक छापील सूचनापत्र पाठवलं होतं. खुशालरावांनी ते दोनदा वाचलं आणि परिपत्रकाला शोभेल अशा आदरानं घडी करून खिशात ठेवलं. सूचना क्रमांक एक म्हणत होती की कीटक जाळीने पकडावेत. म्हणून ते चौकातल्या मुनव्वरभाईंच्या गादी-रजईच्या दुकानात गेले. थंडीचे दिवस, दुकानात कापूस उडत होता, पण मुनव्वरभाईंनी पिंजायचं यंत्र बंद करून सगळं ऐकून घेतलं.

"किडा केवढा हाये?"

"अर्धा इंच."

"मंग जाळी मोठी पायजे," मुनव्वरभाई म्हणाले. "छोट्या चीजले बडी जाळी लागते खुशालभाऊ. बडी चीज तं हातानं भी पकडता येते."

या विचारात खुशालरावांना खोट सापडली नाही. मुनव्वरभाईंनी मच्छरदाणी कापली, जाड तारेचं कडं केलं, बांबू लावला. अडचण एवढीच की तीस वर्षांच्या धंद्यात त्यांना सिंगल आणि डबल ही दोनच मापं माहीत होती. त्यांनी सिंगल घेतलं. संध्याकाळी ती जाळी घेऊन खुशालराव कॉलनीत शिरले तेव्हा दोन्ही बाजूंच्या कुंपणांना ती घासत होती.

कॉलनीत एक मोकळा प्लॉट आहे. त्यात गाजरगवत माजलंय आणि तो कुणाचा यावरून कोर्टात दावा चालू आहे. खुशालरावांनी मंगळवारी तिथं काम सुरू केलं. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना एक फुलपाखरू मिळालं आणि सहा माणसांचा सल्ला. एकानं सांगितलं की वाऱ्याच्या उलट उभं राहा. दुसऱ्यानं सांगितलं की वाऱ्याच्या दिशेनं. तिसऱ्यानं गूळ लावायला सांगितलं आणि चौथ्यानं किडे पकडण्यापेक्षा या प्लॉटविषयी महापालिकेला अर्ज का करत नाही असं विचारलं. पाचव्या होत्या शेवटच्या गल्लीतल्या एक बाई. त्या बराच वेळ जाळीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गल्लीतबी या. तो भुरा कुत्रा लय मागं लागते."

कुत्री पकडणाऱ्या गाडीवरचा माणूस! अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. खुशालरावांनी शांतपणे खुलासा केला. बाईंना तो पटला नसावा, कारण दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर तक्रार आली की कुत्रेवाला दोन दिवस येऊन नुसती जाळी हलवून जातो, कुत्रा तसाच आहे.

सहावा सल्ला शेजारच्या पंचफुलाबाईंचा होता. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. "तीस किड्यांसाठी एवढं काहून हिंडून राह्यले?" त्या म्हणाल्या. "घरात पाहा न."

हा सल्ला मात्र लागू पडला. माशी, मुंगी, डास, ढेकूणवर्गातला एक, तांदळातले सोंडे, दिव्याखालचे पतंग असं करत बुधवार दुपारपर्यंत एकोणतीस भरले. झुरळ आपल्याच ओट्याखाली मिळालं, पण त्यावरून घरात ठिणगी पडली. लेबलवर कीटक सापडल्याचं ठिकाण लिहायचं होतं.

"इंगोले यांचं सैपाकघर असं लिवसान तं पाहा!" सुभद्राबाई म्हणाल्या. "साऱ्या अकोल्याले समजंन का माह्या घरात झुरळं हायेत."

"मंग काय लिवू?"

"पंचफुलाबाईच्या घरचं लिवा."

"अवं, खोटी नोंद कशी घेऊ? रेकॉर्ड हाये ते."

दोघांत बोलणं तुटलं. संध्याकाळी तडजोड म्हणून 'अमरावती, पूर्व भाग' असं ठरलं, आणि त्यात असत्य काही नव्हतं.

आता उरला तिसावा, खास कुळाचा. खुशालरावांनी मोबाईलवर शोध घेतला. कँथॅरिडी टाकल्यावर यंत्रानं त्यांना कँथॅरिडिन दाखवलं. हा एका भुंगेऱ्याच्या अंगातला दाहक रस, आणि तो भुंगेरा काळा, त्यावर नारिंगी पट्टे. खुशालरावांना प्रकरण आरशासारखं स्वच्छ दिसलं. कुळाचं नाव आणि रसाचं नाव जुळतं, म्हणजे रस ज्याच्या अंगात, तोच या कुळाचा. कागद कागदाशी जुळला की खुशालराव माणसाची साक्ष घेत नसत.

तसा भुंगेरा पंचफुलाबाईंच्या जास्वंदीवर बसलेलाच होता. सिंगल मापाची जाळी भिंत आणि झाड यांच्यामध्ये शिरेना, म्हणून त्यांनी तो हातानं धरला. तो निसटला आणि त्यांच्या कॉलरमध्ये गेला. खुशालरावांनी मानेवर एक सणसणीत चापट मारली. त्या चापटीचा पश्चात्ताप त्यांना दोन तासांनी झाला. मानेभोवती टपोरे फोड उठले आणि आग अशी, की सदरा सहन होईना.

"हा तं फोडवाला किडा," पंचफुलाबाई मलम लावता लावता म्हणाल्या. "ल्हान पोरंबी याले हात लावत नाई."

खुशालराव उघड्या अंगानं दामिनीच्या खोलीत गेले. तिनं उशीवरून मान उचलून चिरडलेला पुरावा पाहिला.

"बाबा, हा सैनिक भुंगेरा नाई. याचं कुळ येगळं, मेलॉइडी. तो रस याच्या अंगात असते. कँथॅरिडी कुळातल्या भुंगेऱ्यात तो रस नसतेच."

"अन् नाव?"

"नाव त्याईचं, रस याईचा. जुन्या काळी घोळ झाला अन् तसाच राह्यला."

 खुशालरावांमधला कारकून पेटून उठला. "म्हंजे सातबारा एकाच्या नावावर अन् वहिवाट दुसऱ्याची! दोनशे वर्षांत कोनी फेरफार घेतला नाई? कोन होतं तथी रेकॉर्डले?"

दामिनी हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. खुशालरावांच्या मानेची आग होत होती, तरी त्या हसण्यासाठी आणखी दोन फोड सोसायला ते तयार होते. एरवी ही पोरगी आपल्याशी फारशी बोलत नाही, आपल्याला फक्त शिक्के मारता येतात असं तिला वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं. ते खुर्ची ओढून बसले. दामिनीनं त्यांना समजावून सांगितलं. सैनिक भुंगेरा लांबट असतो, पंख कापडासारखे मऊ. रंग गणवेशासारखा भडक म्हणून सैनिक म्हणायचं. नात्यानं तो काजव्याचा भाऊबंद, पण अंगात दिवा नाही.

"एकाच घरचे, अन् एकाकडंच लाइन," खुशालराव म्हणाले. हे त्यांनी वाटण्यांच्या प्रकरणांत पुष्कळ पाहिलं होतं.

"आणि खात्री करायची असंन तं मागच्या पायाच्या शेवटची पेरं मोजा. सैनिकाची पाच, फोडवाल्याची चार."

शुक्रवारी सुभद्राबाईंचे थोरले भाऊ भगवंतराव यांचा नांदगाव खंडेश्वरहून फोन आला. दामिनीची तब्येत विचारून झाल्यावर ते म्हणाले की शेतात बियाण्यासाठी ठेवलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर आलाय, आणि त्यावर लाल-काळ्या मऊ किड्यांचा नुसता बाजार भरलाय. उद्या सकाळी फवारतो.

"फवारू नका!" खुशालराव इतक्या जोरात ओरडले की पलीकडून फोनच पडला.

शनिवारी पहिल्या एसटीनं ते निघाले. जाळी दारातून आत येईना. कंडक्टरनं तिच्याकडे, मग त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं आणि काही न विचारता मागच्या खिडकीतून बांबू बाहेर काढून ठेवायची परवानगी दिली. ते शेतात पोचले तेव्हा भगवंतराव पाठीवर पंप बांधून बांधावर उभेच होते.

"जवाईबापू, दहा वाजून राह्यले. ऊन चढलं का औषध लागत नाई."

"पंचनामा झाल्याबिगर एक थेंब पडू देणार नाई," खुशालराव म्हणाले. "दामिनी म्हणे, हे मावा खातात. तुमच्याच कामाचे हायेत. पयले वळख पटू द्या."

सांभाराच्या पांढऱ्या फुलांवर ते सैनिक बसलेले होते. बहुतेक जोडीनं, आणि जोडीनं म्हणजे अगदी एकमेकांच्या पाठीवर, भर सकाळी, कुणाची भीडभाड न ठेवता. खुशालरावांनी सभ्यपणे जरा वेळ दुसरीकडे पाहिलं. पण ती मंडळी आवरतं घेण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा त्यांनी एका जोडप्यातला वरचा उचलला आणि भगवंतरावांच्या अंगठ्याच्या नखावर ठेवून भिंग धरलं.

"पाच," खुशालराव म्हणाले.

भगवंतरावांनी भिंग घेतलं. "चार."

"नीट पाहा. चौथं पेर रुंद हाये, त्याच्या आड पाचवं."

"मी चाळीस वर्षं शेती करून राह्यलो, मले किड्याचे पाय नाई समजत?"

प्रकरण चिघळलं. दुसरा भुंगेरा आणला. तो चालायला लागला, म्हणून त्याला भगवंतरावांनी धरला आणि खुशालरावांनी मोजला, मग खुशालरावांनी धरला आणि भगवंतरावांनी मोजला. चौथ्या भुंगेऱ्यापाशी भगवंतराव एकदम थांबले. "हाये बाप्पा. पाचवं हाये." त्यानंतर मात्र ते ऐकेनात. हा पाहा, तो पाहा करत सांभारात गुडघ्यावर रांगू लागले. सावली वळली तरी पाठीवर भरलेला पंप आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. फवारणी राहिली ती राहिलीच.

जाळीचा उपयोग तिथंही झाला नाही. मुनव्वरभाईंचं एक वाक्य अर्धं तरी खरं ठरलं, भुंगेरे हातानंच मिळाले. जेवणाच्या रिकाम्या डब्यात पाच सैनिक घेऊन खुशालराव संध्याकाळी घरी परतले आणि डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून त्यांनी फ्रीजकडे पाठ फिरवली. सूचनापत्रात किडे औषधाच्या बाटलीत मारायला सांगितलं होतं. पण वरिष्ठांच्या लेखी मंजुरीशिवाय खुशालरावांनी आजवर कागदसुद्धा नष्ट केला नव्हता, मग हे तर जीव होते. आधीच्या एकोणतिसांसारखे हेही थंडीनं आपले झोपेत जातील, हा मार्ग त्यांना कमी अपराधाचा वाटला. सुभद्राबाईंनी मटाराची पिशवी तेवढी पुन्हा दुसरीकडे हलवली.

रविवार टाचण्यात गेला. सूचना क्रमांक सात एवढंच सांगत होती की कीटक योग्य रीतीने टाचावेत. योग्य रीत खुशालरावांना एकच ठाऊक होती. सरकारी कागद कुठलाही असो, तो डाव्या वरच्या कोपऱ्यातच टाचतात; उजवीकडे टाचणाऱ्या नवशिक्यांना त्यांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं. तीसच्या तीस कीटक त्यांनी डाव्या बाजूनं, खांद्याजवळ, एका ओळीत, फूटपट्टी लावून टाचले. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात नियमाप्रमाणे लेबल लिहिलं. मांडणी केली आवक तारखेनुसार. मग काचेचं झाकण बसवलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि वर लाखेचं सील मारलं. दामिनीनं दोनदा पेटी मागितली, पण पूर्ण झाल्याशिवाय काम दाखवायचं नाही अशी त्यांची पद्धत होती.

सोमवारी सकाळी, अकोल्याच्या एसटीत, तिनं ती पहिल्यांदा मांडीवर घेतली. स्वेटर, मफलर, चेहरा हळदीसारखा. काचेतून तिनं पाहिलं आणि पेटी डोळ्यांजवळ नेली.

"बाबा, हे सारे डाव्या पंखातून काहून टोचले?"

"मंग कोठून टोचतात?"

"उजव्या! भुंगेरे उजव्या पंखातून टाचतात. साऱ्या जगात उजव्या!"

"सूचनेत लिवलं नव्हतं."

"पयल्या तासाले शिकवतात ते. अन् हे कुळवार नाईत बाबा. झुरळाच्या बाजूले फुलपाखरू कसं?"

"दोघंबी मंगळवारी आले."

दामिनी खिडकीकडे वळली. आता काढून पुन्हा टाचायचं म्हटलं तर वाळलेले पाय गळून पडतील, आणि सैनिकाचे मऊ पंख तर फाटतीलच, एवढं तिनं सांगितलं आणि मफलर डोळ्यांवर ओढून घेतला. खुशालराव मांडीवर हात ठेवून बसून राहिले. आपण मुलीचं वर्ष वाचवायला निघालो आणि आपल्याच हातानं बुडवलं, हा विचार त्यांच्या मनातून हलेना. मानेचे फोड त्यांना कळेनासे झाले होते.

कॉलेजात आवक खिडकीवर धर्मपाल नावाचे गृहस्थ होते. पेटीकडे न पाहता ते म्हणाले, "सोबत पत्र?" खुशालरावांनी पत्र दिलं. "दुसरी प्रत?" खुशालरावांनी दुसरी दिली आणि न मागता तिसरीही दिली. धर्मपालनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"वैद्यकीय प्रमाणपत्र?"

"जोडपत्र ब."

"पेटी सीलबंद हाये, काचेतून पाह्यलेलं धरत नाई. आत तीस किडे हायेत हे मी कशावरून लिवू?"

प्रश्न रास्त होता. खुशालरावांना तो स्वतःला सुचला नाही याचं वैषम्य वाटलं. शेवटी धर्मपालनी नोंद घेतली, 'एक पेटी, सीलबंद, आतील मजकूर अज्ञात', आणि पोच देताना विचारलं, "कोन्या कचेरीतून निवृत्त झाले?" त्या एका प्रश्नानं खुशालरावांना तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

तोंडी परीक्षा उज्मा मॅडम घेत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज हळू. त्यांनी दामिनीला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. दमली तर वडील असू देत म्हणून खुशालरावांना भिंतीशी बसू दिलं. मग त्यांनी सील फोडलं, झाकण उघडलं आणि बराच वेळ पेटीकडे पाहत राहिल्या.

"सगळे डावीकडून," त्या म्हणाल्या. "इतकी शिस्तीत केलेली चूक मी पहिल्यांदा पाहते आहे."

 मॅडमनी चिमट्यानं एक टाचणी उचलली आणि भिंगाखाली लेबल धरलं. मग दुसरं. मग पाचवं, बारावं, तिसावं. त्यांनी चष्मा काढला.

"हे 'करिता' काय आहे?"

दामिनीनं लेबल हातात घेतलं. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कु. दामिनी खु. इंगोले, संकलक, करिता', आणि त्याच्यावर खुशालरावांची सही. तीस लेबलं, तीस सह्या.

खुशालराव उठून उभे राहिले. "मॅडम, संकलकाची सही पायजे असं लिवलं होतं. पोरीची सही मी कशी करू? ते खोटं झालं असतं. म्हणून तिच्याकरिता केली. आमच्याकडं तशीच करतात. तहसीलदार साहेबांकरिता मी चौतीस वर्षं केली."

"म्हणजे हे कीटक तुम्ही पकडले."

खुशालरावांनी मुलीकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच तीस ठिकाणी बंद करून ठेवली होती. "हो," ते म्हणाले. "पण तिचा दोष नाई. ती अंथरुणावर होती. तिले तर आज सकाळपर्यंत पेटीबी दाखवली नाई."

"नियम असा आहे की संग्रह विद्यार्थ्याचा स्वतःचा हवा," उज्मा मॅडम म्हणाल्या. "पेटी जमा झाली, म्हणून तोंडी घेते. पण पेटीला मला शून्य द्यावं लागेल."

म्हणजे आता तोंडीच्या दहापैकी आठ पाहिजेत. खुशालराव खाली बसले.

मॅडमनी विचारायला सुरुवात केली आणि दामिनी बोलू लागली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. पंख मऊ का, पायाची पेरं किती, नावाचा घोळ कसा झाला. पूर्वी या कुळाला काजव्यांसोबत वेगळं महाकुळ दिलं होतं. मग शास्त्रज्ञांनी ते मोडून त्यांना उलटं पडल्यावर टक् करून उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यांच्या महाकुळात टाकलं, आणि त्यावर अजून वाद चालतात. मॅडमनी आडवंतिडवं विचारलं. एका प्रश्नाला ती चुकली, एकाला म्हणाली, "हे मले माहीत नाई." खुशालराव बोटांवर मोजत होते आणि मधेच त्यांचा हिशेब चुकला, कारण ते मोजायचं विसरून ऐकत बसले होते. आपली पोरगी एवढं बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं.

मॅडमनी तक्त्यात आकडा लिहिला आणि तक्ता फिरवून दाखवला. आठ. दामिनीनं डोळे मिटून घेतले.

खुशालराव पेटी उचलायला पुढे झाले, तशी मॅडमनी हात आडवा धरला. त्या सैनिकाला भिंगाखाली पुन्हा फिरवत होत्या. "हा नांदगाव खंडेश्वरचा ना? आमच्या विभागाच्या संग्रहात त्या तालुक्यातून एकही नाही. हा मी ठेवून घेते. पण लेबल बदलावं लागेल. संग्रहात करिता चालत नाही. ज्यानं पकडला, त्याचंच नाव."

"मॅडम, दामिनीचंच लावा न," खुशालराव घाईनं म्हणाले. "काम तिचं हाये. मी आपला..."

"बाबा, थांबा," दामिनी म्हणाली.

तिनं मॅडमच्या टेबलावरचा कोरा कागदाचा तुकडा ओढला. हात अशक्त होता, म्हणून एकेक अक्षर सावकाश काढलं. 'नांदगाव खंडेश्वर. सांभाराच्या फुलावर. संकलक: खुशालराव इंगोले.' पुढं काहीच नाही, आणि पूर्णविराम. मॅडमनी तो तुकडा टाचणीत ओवला, शिसवी कपाटाचा एक खण उघडला आणि भुंगेरा आत ठेवला. आत ओळीनं नावं होती, बाहेरगावच्या शास्त्रज्ञांची, काही इंग्रजांच्या काळातली. खुशालराव वाकून वाकून ती वाचत राहिले. आपल्यापर्यंत आले आणि परत पहिल्यापासून वाचू लागले.

बाहेर आल्यावर त्यांनी सुभद्राबाईंना फोन लावला.

"पास झाली," ते म्हणाले. "मले शून्य भेटलं."

"शून्य? अवो, मंग तुमचा आवाज काहून असा येऊन राह्यला? बरं हाये न?"

खुशालरावांना सगळं क्रमानं सांगायचं होतं. पण ते जोडपत्र ब पर्यंत आले आणि पुढं सरकेनात. दामिनीनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"काई नाई आई," ती म्हणाली. "बाबा रडून राह्यले. अथी कपाटात त्याईचं नाव लागलं."